जाणते पाहुणे घेऊन दर्यावर गरवायला जाताना



किनारपट्टीवरच्या आपल्या गावांत शेत आणि दर्या अशी विभागणी पूर्वीपासून फारशी नव्हती. घरामागे माडाची बाग, डोंगरउतारावर चार कलमं, पावसाळ्यात भाताचा मळा आणि खाडीत बांधलेली एक होडी, असा संसार कितीतरी घरांचा आहे. १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. पुढे २०२० मध्ये राज्याचं कृषी पर्यटन धोरण आलं. आता बागेत उतरलेले पाहुणे जेवता जेवता विचारतात, "आम्हाला दर्यात गरवायला न्याल का?"

विचारणारे पाहुणे दोन प्रकारचे. एक म्हणजे हौशी कुटुंब. मुलांना डॉल्फिन दाखवायचा, फोटो काढायचा आणि दोन तासांत परत यायचं. त्यांच्याबद्दल आज बोलायचं नाही. दुसरे पाहुणे जाणते असतात. ते स्वतःचे रॉड आणि रीळ घेऊन येतात, गाठ डोळे मिटून मारतात, कुठल्या माशाला कुठलं आमिष ते तुम्हाला सांगतात. धरणावर, नदीवर महाशीर धरलेली ही माणसं. कुणी परदेशातही गरवून आलेला असतो. असे पाहुणे आले की आपल्याला बरं वाटतं. शिकवायला नको, सांभाळायला नको, दिवस सोपा जाईल असं वाटतं.

इथंच थोडं थांबून विचार करायला हवा. ज्याला गरी कळते त्याला दर्या कळतोच असं नाही. नवखा माणूस भितो, म्हणून तुमचं ऐकतो. जाणत्याचा हात तयार असतो, त्यामुळे त्याची भीड चेपलेली असते. मासा लागत असताना तो "आणखी अर्धा तास" म्हणतो, आणि तो अनुभवी असल्यामुळे तुम्हालाही ते पटतं. बोट उशिरा परतते ती बहुधा अशाच अर्ध्या अर्ध्या तासांनी. म्हणून जाणत्या पाहुण्यांबरोबरच्या दिवसाची आखणी नवख्यांपेक्षा जास्त काटेकोर करावी लागते. ती कशी करायची ते आज पाहू.

आधी कागद

मासेमारीचा परवाना म्हणजे माणसं नेण्याचा परवाना नव्हे. हे फार जणांना ठाऊक नसतं. पैसे घेऊन पाहुणे न्यायचे असतील तर महाराष्ट्र सागरी मंडळाच्या तुमच्या बंदर कार्यालयात जाऊन रीतसर परवानगी घ्या. नौकेची तपासणी, माणसांची कमाल संख्या आणि विमा हे तिथंच ठरेल. मच्छीमार विमा पाहुण्याला लागू पडेल असं गृहीत धरू नका. विमा कंपनीकडून लेखी घ्या.

किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंत राज्याचा मासेमारी कायदा चालतो. तो १९८१ चा आहे आणि २०२१ मध्ये त्यात मोठ्या सुधारणा झाल्या. त्यापुढे केंद्राचे नियम. सागरी मैल आपल्या रस्त्यावरच्या मैलापेक्षा मोठा, म्हणजे १.८५२ किलोमीटरचा. बारा मैल म्हणजे सुमारे २२ किलोमीटर. एका दिवसाच्या फेरीला एवढा दर्या पुरे होतो.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. हा माशांचा विणीचा काळ, आणि दर्याही खवळलेला. यंदाचा आदेश मत्स्यव्यवसाय खात्याकडून पाहून घ्या. पाहुणा कितीही मोठा असला, कितीही पैसे देत असला, तरी या दोन महिन्यांत "नाही" म्हणायचं. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून राखीव आहे, त्याच्या हद्दीत गरी टाकायची नाही. कासव, डॉल्फिन, बहिरी म्हणजे देवमुशी हे प्राणी कायद्यानं संरक्षित आहेत. चुकून गरीला लागले तर तंगूस कापून सोडून द्यायचे, फोटोसाठी बोटीवर ओढायचे नाहीत.

पाहुण्याची पारख

बैल घ्यायला गेलो तर आपण दात बघतो, चाल बघतो. पाहुण्याचंही तसंच. आदल्या संध्याकाळी चहा घेताना चार प्रश्न विचारा. आधी कुठं गरवलंत? बोटीवरून की काठावरून? पोहता येतं का? बोट लागते का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर जाणता माणूस पुष्कळदा खरं देत नाही, त्याला कमीपणा वाटतो. धरणाच्या संथ पाण्यात वीस वर्षं गरवलेल्या माणसालाही दर्याच्या लाटेवर बोट लागू शकते, यात लाज नाही. गोळी घ्यायची असेल तर निघण्याच्या तासभर आधी घ्यावी लागते, उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. रक्तदाब, मधुमेह किंवा दुसरं औषध चालू असेल तर डॉक्टरला विचारूनच. रिकाम्या पोटीही नेऊ नका आणि तळकट खाऊ घालूनही नेऊ नका. थोडी भाकरी, थोडा आलेपाक बरा. मळमळू लागलं तर डिझेलच्या वासापासून दूर, वाऱ्यावर बसवा आणि लांब क्षितिजाकडे बघायला सांगा.

दारू बोटीवर चढू द्यायची नाही. हे आदल्या दिवशीच सांगितलं की सकाळी वाद होत नाही.

माशाचा वाटाही आधीच ठरवा. अर्धलीनं शेत लावताना पेरणीआधी वाटा बोलतो ना, तसंच. सगळा मासा पाहुण्यांचा की थोडा तुमचा? पाहुण्यांना नको असेल तर विकायचा कुणी, पैसे कुणाचे? खलाशाला कालवणाचा मासा मिळणार का? धक्क्यावर उतरल्यावर हा विषय काढला तर गोड झालेला दिवस कडू होतो. आणि मासा मिळेलच असं वचन कधी देऊ नका. आपण दिवस देतो, बोट देतो, जागा दाखवतो. मासा दर्याचा.

जाणते पाहुणे कधी कधी लांबची जागा मागतात. आंग्रिया बँकेचं नाव त्यांनी वाचलेलं असतं. कान्होजी आंग्र्यांचं नाव मिळालेला हा पाण्याखालचा उंचवटा आहे. त्यावर प्रवाळ आहे, मासाही आहे. पण तो विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर! ताशी सात सागरी मैल, म्हणजे सुमारे तेरा किलोमीटर चालणाऱ्या बोटीला एका बाजूचेच आठ तास लागतात. एका दिवसाचं ते काम नव्हे, आणि लहान बोटीचं तर नव्हेच. हा हिशेब पाहुण्यासमोर कागदावर मांडून दाखवा. जाणता माणूस हिशेबाला मान देतो.

दिवस कसा निवडायचा

तारीख देण्याआधी पंचांग काढा. बोटीला सर्वांत मोठा धोका बहुतेक वेळा खोल पाण्यात नसतो, तो खाडीच्या मुखाशी असतो. तिथं वाळूचा दांडा साचलेला असतो. ओहोटीला पाणी कमी होतं, शिवाय बाहेर जाणारा ओढा आत येणाऱ्या लाटेला भिडतो आणि लाट उभी राहून फुटते. दमलेल्या माणसांनी भरलेली बोट अशा वेळी दांड्यावर आणणं म्हणजे जिवाशी खेळ.

भरतीची वेळ काढायची जुनी रीत आपल्या वाडवडिलांना पाठ होती. तिथीची पाऊणपट करा. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार, म्हणून पूर्ण भरती पावणेचारच्या सुमारास, पहाटेही आणि दुपारीही. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वा अकरा. ही रीत मुंबईच्या आसपास बरीच जुळते. दक्षिणेकडे भरती त्याच्या आधी येते, फरक तासाभराचाही असू शकतो. तुमच्या बंदराचा फरक जुन्या तांडेलाला विचारा आणि छापील भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून पाहा.

आता आपला दिवस या हिशेबात बसवा. पहाटे पाचला निघायचं, सातच्या आत जागेवर पोचायचं, बाराला परत फिरायचं, दोनच्या सुमारास खाडीच्या मुखाशी यायचं. पंचमीला पहाटे निघताना भरती नुकतीच होऊन गेलेली असते, मुखात पाणी भरपूर. दुपारी परतताना पाणी चढत असतं. जाताना सोय, येतानाही सोय. अमावास्येला हेच वेळापत्रक उलटं पडतं. पहाटे पाचला ओहोटी संपत आलेली, दुपारी दोनला उधाणाचं पाणी वेगानं बाहेर ओढत असलेलं. अष्टमीला बाराच्या सुमारास पूर्ण ओहोटी, त्यामुळे दोनला मुखात पाणी अजून उथळच. म्हणून दोन्ही पक्षांतल्या तृतीया ते षष्ठी या तिथी अशा फेरीला सोयीच्या. पाहुण्यांना शनिवार-रविवार हवा असतो हे खरं, पण महिन्यातले दोन चांगले शनिवार-रविवार तुम्हीच आधी सांगून ठेवलेत तर ते त्याप्रमाणे रजा काढतात.

वाऱ्याचंही गणित आहे. पहाटे जमीन थंड असते, तिच्यावरून दर्याकडे मतलई वारा सुटतो आणि पाणी बहुधा सपाट राहतं. सूर्य चढला की जमीन तापते आणि दर्यावरून खारा वारा आत येऊ लागतो. दुपारनंतर तो वाढतो, मार्च ते मे या महिन्यांत जास्तच. म्हणजे पहाटे दिसलेला शांत दर्या हा दुपारच्या दर्याचा नमुना नव्हे. परतताना वारा-लाट पाठीमागून किंवा तिरकी येते. तेव्हा बोट नाळेकडे झुकून आडवी फिरू पाहते, सुकाणू हाताला हलकं लागतं. तशा वेळी वेग कमी करायचा आणि वजन मागच्या बाजूला घ्यायचं. बारा वाजता परत फिरायचं ते यासाठी.

हवामानाचा अंदाज आदल्या रात्री आणि पहाटे निघताना, असा दोनदा घ्या. हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉईस संस्थेचा लाटा-वाऱ्याचा अंदाज आता मोबाइलवरही मिळतो. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला असेल तर तो दिवस संपला, बोलणं नको. पावसाळ्यानंतर ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि पावसाळ्याआधी मे हे अरबी समुद्रातल्या वादळांचे महिने. नोव्हेंबर २००९ मधलं फयान आपल्या किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांना अजून आठवतं. त्या वादळात गेलेली माणसं दर्याला नवखी नव्हती. पाहुण्यांचं आगाऊ घेतलेलं भाडं अशा वेळी परत द्यायचं, हेही आधीच बोलून ठेवा. परत द्यायचं ठरलेलं असलं की "निघूया हो" असं म्हणायचा मोह तुम्हालाही होत नाही.

बोटीवर काय हवं

प्रत्येक माणसामागे एक जीवरक्षक जाकीट, आणि ते अंगात. बाकाखाली ठेवलेलं जाकीट कुणाला वाचवत नाही. जाणता पाहुणा म्हणेल की जाकिटानं हात अडतो. तुम्ही स्वतः घातलंत तर तो घालेल. डिझेलचे तीन हिस्से धरा: एक जाण्याचा, एक येण्याचा, एक राखीव. राखीव हिस्सा गरवण्यात खर्च करायचा नाही. पिण्याचं पाणी माणशी चार-पाच लिटर. विजेरी, भोंगा, प्रथमोपचाराची पेटी, पाणी उपसायची बादली. बिनतारी संच असेल तर संकटाची हाक १६ नंबरच्या चॅनेलवर द्यायची. इस्रोनं बनवलेलं संकट-संदेश यंत्र बोटीवर असेल तर त्याचं बटण कुठं आहे ते पाहुण्यांनाही दाखवा, कारण तांडेलच पडला तर बटण कुणीतरी दाबायला हवं. तटरक्षक दलाचा बिनपैशाचा फोन १५५४. पण मोबाइलला दर्यात लांबवर रेंज राहत नाही, तेव्हा त्याच्या भरवशावर जाऊ नका.

बोटीवर किती माणसं, त्यांची नावं, कुठल्या दिशेला गेलो आणि किती वाजता येणार, हे चिठ्ठीवर लिहून घरी आणि बंदरावर द्या. पाहुण्यांची ओळखपत्रं बरोबर असू द्या, सागरी पोलीस विचारतात.

जागेवर पोचल्यावर

गावच्या बोलीत किनाऱ्याची माडं दिसेनाशी झाली की तो खोल दर्या. बारा मैलांच्या आत दक्षिण कोकणात साधारण पंधरा-वीस वाव पाणी मिळतं. एक वाव म्हणजे सहा फूट. मासा सगळीकडे सारखा पसरलेला नसतो, जसं शेतातलं सगळं पाणी सारखं मुरत नाही. तळाशी खडक असेल तिथं लहान जीव वाढतात, त्यांच्यामागे हेकरू आणि तांबोशी राहतात. वरच्या पाण्यात तारली-बांगड्यांचा थवा फिरतो आणि त्याच्यामागे सुरमई, कुपा येतात. पाखरं एका जागी खाली झेपावत असतील तर तिथं बारीक मासळी वर आली आहे असं समजा. गढूळ हिरवं पाणी संपून स्वच्छ निळं पाणी सुरू होतं ती रेघ शोधा. सुरमई त्या रेघेच्या काठानं फिरते. गव्हाच्या शेताच्या बांधावर ससा फिरतो, तसंच काहीसं.

वरचा मासा हवा असेल तर बोट हळू चालती ठेवून मागे खोटा मासा ओढायचा. तळाचा हवा असेल तर बोट वाहती सोडायची किंवा नांगर टाकायचा. शेतातला नांगर जमीन उकरतो, दर्यातल्या नांगरानं जमीन धरून ठेवायची असते. त्यासाठी दोरी खोलीच्या निदान तिप्पट सोडावी लागते, वारा असेल तर पाचपट. वीस वाव पाण्यात साठ ते शंभर वाव दोरी लागते. एवढी दोरी नसेल तर नांगराचा नाद सोडा. खडकात नांगर अडकला तर इंजिनाच्या जोरावर ओढू नका, बोटीची बाजू पाण्याखाली जाऊ शकते. दोरी कापा. नांगर परत विकत मिळतो.

इथं जाणत्या पाहुण्यांचा खरा उपयोग होतो, आणि खरी परीक्षाही. चौघे रॉड घेऊन उभे राहिले तर प्रत्येकाची जागा ठरवून द्या: दोघे मागच्या दोन कोपऱ्यांना, दोघे मधल्या बाजूंना. सगळे एका अंगाला आले तर लहान बोट कलते. एकाला मासा लागला की त्यानं हाक द्यायची, बाकीच्यांनी आपापली गरी वर घ्यायची. त्यानंतर बोटीवर हुकूम एकाचाच, तांडेलाचा. इंजिन कधी चालू ठेवायचं, कधी मोकळं करायचं ते तोच सांगणार. मासा बोटीजवळ आला की इंजिन मोकळं, पंखा थांबलेला. तंगूस पंख्यात गेलं तर मासा तर जातोच, बोटही अडकते.

त्यांचं कसब मात्र मोकळ्या मनानं घ्या. सुरमईचे दात तंगूस कापतात म्हणून शेवटच्या हातभर तारेचा तुकडा लावायचा हे आपण जाणतो. पण तोंड आत वळलेली गोल गरी पुष्कळ पाहुणे आणतात, ती बघून घ्या. ही गरी माशाच्या पोटात न रुतता जबड्याच्या कोपऱ्यात लागते. झटका मारायचा नसतो, नुसतं सावकाश गुंडाळायचं. लहान मासा परत सोडायचा असेल तर तो जगतो. पाहुण्याची गाठ आपल्या गाठीपेक्षा बरी निघाली तर शिकून घ्यायला हरकत काय?

लहान मासा सोडण्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. राज्य शासनानं बऱ्याच जातींसाठी किमान लांबी ठरवून दिली आहे, ती यादी बोटीवर ठेवा. सुरमईला पोटात हवेची पिशवी नसते, ती खालून वर आली तरी फुगत नाही. झटपट सोडली तर निघून जाते. हेकरू आणि तांबोशीचं तसं नाही. वीस वाव खाली पाण्याचा दाब वरच्यापेक्षा साडेचार पटीहून अधिक असतो. मासा वर ओढला की पिशवीतली हवा तितकी फुगते, पोट टम्म होतं, डोळे बाहेर येतात, कधी जठर तोंडात येतं. ओला लसूणघास खाऊन गाय फुगते ना, तशीच ही अवस्था. असा मासा वरून सोडला तर उताणा तरंगत राहतो आणि मरतो. त्याला वजनाच्या दोरीला हलकेच अडकवून निदान निम्म्या खोलीपर्यंत खाली न्यावा आणि तिथं सोडावा. दाबानं पिशवी पुन्हा आवळते. सुईनं पोट टोचण्याचा उद्योग नवख्यानं करू नये, आतडं फाटतं. त्याहून सोपं म्हणजे खायला पुरेसे तळाचे मासे मिळाले की तिथली गरी थांबवायची आणि वरच्या पाण्यात जायचं.

जखमांची तयारी ठेवा. शिंगाळ्याचा काटा किंवा पाकटाच्या शेपटीचा काटा लागला तर जखम धुऊन सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावी. या विषाच्या वेदना उष्णतेनं उतरतात. त्यासाठी थर्मासभर गरम पाणी बोटीवर हवं. पाणी आधी दुसऱ्या माणसानं हाताला लावून बघायचं, दुखण्यात भाजल्याचं कळत नाही. छातीत किंवा पोटात काटा रुतला असेल तर तो काढू नका, तसंच किनाऱ्याला आणा. गरी बोटात खोल रुतली तर ओढू नका, तंगूस कापून डॉक्टरकडे न्या आणि धनुर्वाताची सुई द्या. वाम आणि मुशी बोटीवर आली तर तिचं तोंड स्थिर झाल्याशिवाय कुणी हात घालायचा नाही.

बर्फ

जाणता पाहुणा मासा धरण्यात हुशार असतो, ठेवण्यात नेहमीच असतो असं नाही. मोठी सुरमई लागली की तिला उन्हात आडवी ठेवून फोटो चालू होतात. फोटो एक, मग लगेच बर्फ. आपल्या हवेत एक किलो माशाला एक किलो बर्फ धरा. बर्फ बारीक फोडलेला, खाली थर, मासा, वर थर, आणि वितळलेलं पाणी खालून निघून जायला वाट. कल्ल्याजवळ कापून रक्त लगेच काढलं तर मांस पांढरं राहतं. सुरमई, कुपा, बांगडा हे मासे काही तास गरम राहिले तर त्यांच्या मांसात एक घातक द्रव्य तयार होतं. खाणाऱ्याचं तोंड लाल होतं, डोकं ठणकतं, अंगावर पित्त उठतं. शिजवून किंवा तळून ते द्रव्य जात नाही. पाहुणा तुमच्या घरी उतरलेला, तुमच्या चुलीवर तो मासा शिजणार. म्हणून हे मनावर घ्या.

बारा वाजले

आता त्या वेळेकडे येऊ. समजा, सकाळभर काही लागलं नाही. साडेअकराला पाखरं जमली, दोन रॉड एकदम वाकले, सुरमई लागू लागली. पाहुणे खुशीत. तुम्ही घड्याळ बघता, बारा. वायव्येकडून पाण्यावर काळपट रेघ दिसते आहे, वारा येतो आहे. पाहुणा म्हणतो, "तांडेल, अजून अर्धा तास. आम्ही काय कच्चे आहोत?"

या प्रश्नाचं उत्तर त्या क्षणी शोधायचं नसतं, आदल्या संध्याकाळी द्यायचं असतं. चहा घेतानाच सांगून ठेवा की बारा वाजता गऱ्या वर येणार, मासा लागत असो वा नसो. आणि त्याचं कारण सांगा. भरतीचा हिशेब, वाऱ्याचा हिशेब, डिझेलचा हिशेब त्यांना दाखवा. मग पावणेबाराला एकदा आठवण द्या: "पंधरा मिनिटं राहिली." एखाद्या पाहुण्याला, शक्यतो त्यांच्यातल्या सर्वांत अनुभवी माणसाला, घड्याळ सांभाळायचं काम द्या. ज्याच्याकडे काम दिलं तो हट्ट धरत नाही, उलट बाकीच्यांना तोच आवरतो. बाराला रॉडला मासा असेल तर तो तेवढा वर घ्यायचा, नवी गरी टाकायची नाही.

पाहुणा फारच अडून बसला तर वाद घालू नका. इंजिन सुरू करा आणि नाळ किनाऱ्याकडे वळवा. परतीच्या वाटेवर, लाट सोसवत असेल तर, मागे दोन गऱ्या ओढत आणता येतात. हातही रिकामे राहत नाहीत आणि कधी कधी जाताना न लागलेली सुरमई येताना लागते. खाडीच्या मुखाच्या मैलभर आधी त्याही गोळा करा, सगळ्यांना खाली बसवा, जाकिटांचे बंद बघा. दांड्यापाशी दोन-चार लाटा जाऊ द्या, त्यांचा क्रम बघा आणि मोठी लाट फुटून गेली की तिच्या पाठीवरून आत या. पाणी कमी वाटलं तर घाई नको, बाहेरच थांबा. पाणी चढतं आहे, तासाभरात वाट होते.

धक्क्यावर उतरलात की बंदरावर "आलो" म्हणून सांगा, नाहीतर चिठ्ठी बघून लोक शोधायला निघतील. मग ठरल्याप्रमाणे मासा वाटा, इंजिन आणि रीळ गोड्या पाण्यानं धुवा, डिझेल किती लागलं ते वहीत लिहा. किती वाजता, कुठल्या खुणेवर, किती वावावर, कुठला मासा लागला हेही त्याच पानावर तिथीसकट लिहून ठेवा. पुढच्या वेळी हेच पाहुणे येतील, तेव्हा ते पान उपयोगी पडेल.